यंत्राचा लगाम

उसाच्या मळ्यात पाणी सोडलेले असते. पाटातून खळाळत आलेले पाणी एका सरीत शिरते, हळूहळू पुढे सरकते आणि सरीच्या टोकाला पोहोचते. बांधावर खोरे घेऊन उभा असलेला गडी ते पाहत असतो. सरी पुरेशी भिजली, की तो दोन खोरी माती ओढून तिचे तोंड बंद करतो आणि शेजारच्या सरीचे तोंड मोकळे करतो. या कामाला शेतकरी ‘दारे धरणे’ म्हणतात. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. परंतु त्याला मोठी दक्षता लागते. गड्याला क्षणभर डुलकी लागली, तर एक सरी तुडुंब भरून बांध फुटतो, माती वाहून जाते आणि पुढची सरी कोरडीच राहते.

हा गडी नेमके काय करतो, याचा बारकाईने विचार केला, तर त्याच्या कामाचे तीन भाग दिसून येतात. प्रथम तो पाणी कोठवर आले ते पाहतो. मग पाणी जेथवर यायला हवे आणि जेथवर आले आहे, या दोहोंतील अंतर तो मनाशी ताडतो. शेवटी त्या अंतराला अनुसरून तो खोरे चालवतो. एवढे झाले, की तो पुन्हा पाण्याकडे पाहतो. कारण आपल्या कृतीचा परिणाम काय झाला, हे पाहिल्यावाचून पुढची कृती ठरवता येत नाही. डोळा, मन आणि हात यांचे हे चक्र अखंड फिरत असते. आजच्या प्रचंड कारखान्यांत माणसाचा हात न लागता यंत्रे चालतात, तेथेही हेच चक्र फिरत असते. फरक इतकाच, की डोळ्याच्या, मनाच्या आणि हाताच्या जागी तेथे उपकरणे बसवलेली असतात.

अशी उपकरणे पाहण्यासाठी कारखान्यातच गेले पाहिजे असे नाही. अनेक घरांच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तिच्या नळाला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला एक पोकळ गोळा जोडलेला असतो. पाणी वाढले, की गोळा तरंगत वर येतो, दांडी उचलली जाते आणि नळ बंद होतो. पाणी वापरले गेले, की गोळा खाली उतरतो आणि नळ आपोआप उघडतो. येथे गोळा हाच डोळा, दांडी हेच मन आणि नळाची झडप हाच हात. विजेच्या इस्त्रीतही अशीच योजना असते. तिच्यात दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो आणि दुसरा कमी. त्यामुळे ही जोडपट्टी वाकते आणि विजेचा प्रवाह तुटतो. इस्त्री निवली, की पट्टी पूर्ववत होते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो.

याउलट, घड्याळाच्या काट्यावर लागणारा रस्त्यावरचा दिवा घ्या. तो रोज सायंकाळी सात वाजता लागतो. पावसाळ्यात आभाळ भरून आले आणि पाच वाजताच अंधार दाटला, तरी तो सात वाजल्याखेरीज लागत नाही. तो घड्याळ पाहतो, अंधार पाहत नाही. टाकीतील गोळ्याचे तसे नाही. नळातून पाणी पडले, त्याचा परिणाम म्हणून टाकीतील पातळी वाढली आणि त्या वाढीची वार्ता गोळ्याच्या द्वारे पुन्हा नळापर्यंत पोहोचली. केलेल्या कामाच्या परिणामाची जी वार्ता अशी परत येते, तिला अभियंते ‘फीडबॅक’ म्हणतात. स्वयंचलित नियंत्रणाचे सारे शास्त्र या एका कल्पनेवर उभे आहे.

यंत्राला स्वतःचे काम स्वतः करावयास लावण्याची खटपट फार जुनी आहे. टॉमस न्यूकोमेन या इंग्रज कारागिराने बांधलेले वाफेचे एंजिन १७१२ साली चालू झाले. पुढे अशी एंजिने खाणींतील पाणी उपसू लागली. ॲडम स्मिथ या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पहिल्या वाफेच्या एंजिनांविषयी एक कथा सांगितली आहे. या एंजिनांवर झडपांची उघडझाप करण्यासाठी एक मुलगा नेमलेला असे. दट्ट्या वर गेला की एक झडप उघडायची, खाली आला की मिटायची, हेच काम त्याला दिवसभर करावे लागे. अशाच एका मुलाला सवंगड्यांबरोबर खेळण्याची हौस होती. त्याने झडपेच्या मुठीला एक दोरी बांधली आणि तिचे दुसरे टोक यंत्राच्या हलत्या भागाला जोडले. यंत्र आपली झडप आपणच उघडू-मिटू लागले आणि मुलगा खेळायला मोकळा झाला. इतिहासकार या गोष्टीला दंतकथा मानतात. तथापि यंत्रसुधारणेमागची एक प्रेरणा तिच्यात अचूक टिपली गेली आहे. ज्या कामाला विचार लागत नाही, त्या कामात माणसाचा जीव रमत नाही.

दोरीने झडप वेळेवर उघडली; पण एंजिनाचा वेग कोणी आवरायचा? एका मोठ्या एंजिनावर गिरणीतील अनेक यंत्रे पट्ट्यांनी जोडलेली असत. त्यांतील काही यंत्रे थांबली, की एंजिनावरचा भार हलका होई आणि ते सुसाट पळू लागे. सगळी यंत्रे एकदम सुरू झाली, की ते मंदावे. घोड्याला लगाम असतो, तसा या लोखंडी घोड्यालाही लगाम हवा होता. हा लगाम जेम्स वॉट याने घातला. १७८८ साली वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लंडनमधील ॲल्बियन मिल या पिठाच्या गिरणीत फिरत्या गोळ्यांची एक युक्ती पाहिली. तेथे जात्याच्या दगडांचे काम नियमित राखण्यासाठी ती वापरलेली होती. पवनचक्क्यांना ती पूर्वीपासून ठाऊक होती. बोल्टनने ही हकीकत वॉटला कळवली आणि वॉटने त्याच वर्षी ती युक्ती वाफेच्या एंजिनाला जोडली.

गोफण फिरवताना दगड बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, हे सर्वांना माहीत आहे. गोफण जितकी जोराने फिरवावी, तितकी ही ओढ वाढते. वॉटच्या ‘गव्हर्नर’ नावाच्या साधनाचे रहस्य हेच होते. एका उभ्या दांड्याला दोन बाजूंनी दोन जड गोळे टांगलेले असत आणि हा दांडा एंजिनाबरोबर फिरे. एंजिनाचा वेग वाढला, की गोळे बाहेर फेकले जाऊन वर चढत. त्यांना जोडलेले एक कडे दांड्यावर सरके आणि तरफेच्या योगे वाफेची झडप थोडी मिटवी. वाफ कमी झाली, की वेग उतरे. वेग फारच उतरला, तर गोळे खाली येत आणि झडप पुन्हा उघडे. अशा रीतीने एंजिन आपल्या वेगाची वार्ता आपणच घेऊ लागले आणि आपल्या चुकीची दुरुस्ती आपणच करू लागले.

परंतु लगाम घातला म्हणजे घोडा शहाणा झाला, असे होत नाही. काही गव्हर्नर विचित्र वागत. वेग थोडा वाढला, की ते झडप वाजवीपेक्षा अधिक मिटवीत. त्यामुळे वेग फार कमी होई. मग ते झडप वाजवीपेक्षा अधिक उघडीत आणि एंजिन पुन्हा उधळे. सायकल नव्याने शिकणारा मुलगा तोल एका बाजूला जाताच हँडल दुसरीकडे भलतेच वळवतो आणि सायकल नागमोडी जाऊ लागते; तसाच हा प्रकार होता. असे का घडते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८६८ साली एका निबंधात मांडले. चूक दुरुस्त करण्याची घाई झाली, तर दुरुस्तीतूनच नवी चूक जन्मते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

पुढे १९२२ साली, रशियात जन्मलेला आणि अमेरिकेत गेलेला निकोलस मिनोर्स्की हा अभियंता जहाजे आपोआप सरळ मार्गावर कशी ठेवता येतील, याचा विचार करीत होता. त्याने मुरलेल्या सुकाणूधारकांच्या कामाचे निरीक्षण केले. उत्तम सुकाणूधारक केवळ ‘जहाज आता किती भरकटले आहे?’ एवढेच पाहत नाही. ‘ते किती वेळ भरकटत आले आहे?’ आणि ‘ते किती झपाट्याने वळत आहे?’ हेही तो ध्यानात घेतो. वर्तमानातील चूक, मागची साचलेली चूक आणि पुढे होऊ घातलेली चूक, अशा तिन्ही गोष्टींचा विचार करून तो सुकाणू फिरवतो. मिनोर्स्कीने हे शहाणपण गणिताच्या भाषेत उतरवले. आज जगभरच्या कारखान्यांत भट्टीचे तापमान, नळातील प्रवाह किंवा टाकीतील दाब स्थिर राखणारी असंख्य उपकरणे हेच तीन प्रश्न विचारत असतात. एका अर्थाने त्या साऱ्या उपकरणांत एक जुना दर्यावर्दी बसलेला आहे.

आपली चूक ओळखणारे यंत्र कापडाच्या धंद्यातही आले. जपानमधील साकिची तोयोदा याचा जन्म १८६७ साली एका सुताराच्या घरी झाला. त्या भागातील स्त्रिया घरोघर हातमागावर राबत. त्याची आईही विणकाम करीत असे. मागात सुधारणा करण्याचा ध्यास त्याने लहान वयातच घेतला आणि आयुष्यभर सोडला नाही. विणताना ताण्याचा एखादा धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर पुढचे सारे कापड सदोष निघते. म्हणून विणकराला धाग्यांवर सतत डोळे लावून बसावे लागे. यावर मागांत अशी योजना करण्यात आली, की प्रत्येक धाग्यावर धातूची एक हलकी पट्टी टांगलेली असावी. धागा शाबूत आहे तोवर पट्टी त्याच्या आधाराने राहते. धागा तुटताच ती खाली पडते आणि माग तत्काळ थांबतो. तोयोदाचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटताच असा आपण होऊन थांबे. या तत्त्वाला जपानी लोक ‘जिदोका’ म्हणतात. हा शब्द लिहिताना ‘हालचाल’ या अर्थाच्या अक्षराला ते ‘माणूस’ या अर्थाचे चिन्ह जोडतात. केवळ हलणारे यंत्र आणि माणसासारखे भान ठेवून चालणारे यंत्र, यांतील भेद त्या एका चिन्हाने दाखवला आहे.

एका विणकराला पुष्कळ माग सांभाळता येऊ लागले, की एक अवघड प्रश्न उभा राहतो. मग उरलेल्या विणकरांनी काय करायचे? हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि पाहता पाहता तेथे गिरण्यांचे एक नगरच वसले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कुटुंबांची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटू लागली. १९२८ साली खर्च कमी करण्यासाठी गिरणीमालकांनी कामाची नवी पद्धत आणू पाहिली. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग चालवावेत, अशा प्रकारच्या या योजना होत्या. मुंबईतील माग बहुतांशी साधे यंत्रमाग होते. तोयोदाच्या मागासारखे ते आपले आपण थांबत नसत. त्यामुळे एकाच्या कष्टात भर पडणार आणि दुसऱ्याची भाकरी जाणार, असे कामगारांना वाटले. परदेशी कापडाशी, विशेषतः जपानी कापडाशी, टक्कर द्यावयाची असेल तर खर्च कमी केलाच पाहिजे, असे मालकांचे म्हणणे होते. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. त्या सहा महिन्यांत चाळीचाळींतून किती घरांनी उपास काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या प्रसंगाचा दोष यंत्राला देता येत नाही आणि कामगारालाही देता येत नाही. यंत्राने श्रम वाचवले, तर ते कोणाच्या पदरात पडावे, हा खरा प्रश्न आहे. दोरी बांधणारा कथेतील मुलगा खेळायला गेला. पण त्याच्या मालकाने दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढले असते, तर त्या दोरीचा त्याला काय उपयोग? याचे उत्तर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. ते माणसांनीच एकमेकांशी बोलून, न्यायबुद्धीने शोधावे लागते. ज्यांचे काम यंत्राकडे जाते, त्यांना नवे काम शिकवण्याची जबाबदारी कोणी तरी उचललीच पाहिजे.

मात्र काही कामे अशी असतात, की ती यंत्राने घेतली याचा कोणालाही आनंदच वाटावा. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मोटारीच्या एका कारखान्यात १९६१ साली ‘युनिमेट’ नावाचा यंत्रहस्त बसवण्यात आला. जॉर्ज डेव्हॉल हा त्याचा कल्पक आणि जोसेफ एंगलबर्गर हा त्याचा प्रसारक. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून बाजूला ठेवणे, हे त्याचे काम होते. ज्या ठिकाणी माणसाचे हात भाजत आणि धुराने जीव घुसमटे, तेथे लोखंडाचा हात न कंटाळता काम करू लागला. आज पुण्याजवळच्या चाकणसारख्या औद्योगिक वसाहतींत मोटारींच्या सांगाड्यांची जोडणी करताना ठिणग्यांच्या वर्षावात असेच यंत्रहस्त राबत असतात.

त्या काळी यंत्रांना आज्ञा देणारे ‘मन’ मात्र अवजड होते. ते शेकडो रिलेंचे बनलेले असे. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारे बटण. ‘दार बंद असेल आणि तापमान कमी असेल, तरच भट्टी पेटव’ असा साधा नियम घालावयाचा, तरी अनेक रिले तारांनी एकमेकांना जोडावे लागत. मोटारीचा नवा नमुना निघाला, की कपाटेच्या कपाटे उघडून हजारो तारा पुन्हा जोडाव्या लागत. या त्रासाला कंटाळून १९६८ साली जनरल मोटर्स या कंपनीच्या एका शाखेने तारा न बदलता नियम बदलता येतील, अशा साधनाची मागणी केली. डिक मॉर्ली आणि त्याचे सहकारी अशाच साधनाच्या खटपटीत होते. त्यांचे साधन १९६९ साली कारखान्यात पोहोचले. तो त्यांच्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्याला ‘मोडिकॉन ०८४’ असे नाव मिळाले. या जातीच्या साधनाला पुढे ‘प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर’ किंवा थोडक्यात ‘पीएलसी’ म्हणू लागले.

पीएलसी हा कारखान्यासाठी बनवलेला एक काटक संगणक होय. धूळ, उष्णता आणि यंत्रांची थरथर तो सहन करतो. प्रथम तो सर्व संवेदकांकडून वार्ता गोळा करतो, मग घालून दिलेले नियम एकामागून एक तपासतो आणि शेवटी पंपांना, झडपांना व मोटारींना आज्ञा सोडतो. हे चक्र एका सेकंदात कित्येकदा पूर्ण होते. विशेष म्हणजे त्याचे नियम शिडीच्या आकाराच्या आकृतीत मांडण्याची सोय करण्यात आली. कारखान्यातील वीजकामगार रिलेंच्या जोडणीचे आराखडे अशाच आकृत्यांतून वाचत असत. म्हणून नवे यंत्र त्यांना परके वाटले नाही. नव्या साधनाने जुन्या कारागिराची भाषा शिकून घेतली, हा या इतिहासातील एक चांगला धडा आहे.

अशा नियंत्रणाचे एक उत्तम उदाहरण दुधाच्या कारखान्यात पाहावयास मिळते. पिशवीत भरण्यापूर्वी दूध सुमारे ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्या तापमानात निदान १५ सेकंद ठेवतात. त्यामुळे रोगजंतू नष्ट होतात. हे दूध नळीतून अखंड वाहत असते. नळीच्या तोंडाशी बसवलेला संवेदक त्याचे तापमान क्षणोक्षणी मोजतो. ते ठरलेल्या अंशाखाली उतरले, की एक झडप आपोआप वळते आणि कमी तापलेले दूध पुढे न जाता पुन्हा तापवण्यासाठी माघारी जाते. कोण्या घरातील तान्हे मूल सकाळी जे दूध पिते, त्याची राखण रात्रभर त्या लहानशा झडपेने केलेली असते.

यंत्राने एवढी राखण केली, तर मग माणसाने निश्चिंत झोपावे काय? २८ मार्च १९७९ च्या पहाटेची एक घटना या प्रश्नाचे उत्तर देते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे अणुशक्तीवर चालणारे विद्युतकेंद्र होते. पहाटे चारच्या सुमारास तेथील एका अणुभट्टीला पाणी पुरवण्याच्या व्यवस्थेत बिघाड झाला. भट्टीतील दाब वाढला आणि तो कमी करणारी झडप योजनेप्रमाणे आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. तशी आज्ञाही सुटली. पण झडप अडकली आणि उघडीच राहिली. नियंत्रणकक्षातील फलकावरचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडप मिटली की नाही हे दाखवत नव्हता; झडपेला मिटण्याची आज्ञा दिली गेली आहे की नाही, एवढेच तो दाखवत होता. कर्मचाऱ्यांनी झडप मिटली असे मानले. चोहीकडे धोक्याच्या घंटा वाजत होत्या. इतक्या, की कोणती महत्त्वाची आणि कोणती नाही, हे ओळखणे कठीण झाले. भट्टीत पाणी जास्त झाले आहे, अशा समजुतीने त्यांनी बाहेरून येणारे पाणीच कमी केले. दोन तासांहून अधिक काळ भट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या झडपेतून निसटत राहिले. सकाळी सहा वाजून गेल्यावर, नव्याने आलेल्या एका अधिकाऱ्याच्या सूचनेवरून त्या मार्गावरची दुसरी झडप बंद करण्यात आली, तेव्हा गळती थांबली. तोवर भट्टीचा गाभा वितळू लागला होता. त्याचा सुमारे अर्धा भाग अखेर वितळून गेला.

या अपघाताने जगभरच्या अभियंत्यांना एक गोष्ट शिकवली. आज्ञा सुटली म्हणजे ती पाळली गेली, असे नव्हे. दारे धरणारा गडी खोऱ्याने माती ओढल्यावर पुन्हा पाण्याकडे पाहतो, तो याचसाठी. यंत्राचा डोळा आज्ञेवर नव्हे, तर परिणामावर असला पाहिजे; आणि त्या डोळ्याने दिलेली वार्ता खरी आहे की नाही, हे पडताळणारा माणूसही जागा असला पाहिजे.

म्हणूनच चांगल्या कारखान्यात सुरक्षिततेची योजना अनेक पदरी असते. पत्रा कापणारे दाबयंत्र दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज चालत नाही. त्यामुळे कामगाराचे दोन्ही हात पात्यापासून दूर राहतात. काही यंत्रांपुढे प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदा असतो; त्यात बोट शिरले, तरी यंत्र थबकते. प्रत्येक मोठ्या यंत्रावर छत्रीच्या आकाराचे एक लाल बटण असते. संकट दिसताच जवळच्या कोणीही ते दाबावे आणि यंत्र बंद करावे. लाखो रुपयांच्या यंत्राला थांबवण्याचा अधिकार तेथे साध्या कामगारालाही दिलेला असतो. कारण माणसाच्या बोटाची किंमत यंत्रापेक्षा अधिक आहे.

आता शेतातही बदल होत आहे. काही ठिकाणी मातीतील ओल मोजणारे संवेदक ठिबक सिंचनाच्या झडपा आपोआप उघडतात आणि मिटतात. रात्रीच्या थंडीत बांधावर उभे राहण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु विहिरीला पाणी कमी असेल, तर आधी ऊस भिजवायचा की शेजाऱ्याची वाळू लागलेली ज्वारी वाचवायची, हे कोणताही संवेदक सांगू शकत नाही. तो ओल मोजतो. तहान त्याला कळत नाही. दारे उघडण्याचे आणि मिटण्याचे काम यंत्राकडे खुशाल सोपवावे. परंतु जागे राहण्याचे काम माणसाने आपल्याकडेच ठेवले पाहिजे.

स्वाध्याय

१. दारे धरणाऱ्या गड्याच्या कामाचे कोणते तीन भाग पाठात सांगितले आहेत? चौथ्या वेळी तो काय करतो आणि का?

२. पाण्याच्या टाकीतील गोळा आणि घड्याळावर चालणारा रस्त्यावरचा दिवा, यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

३. वॉटच्या गव्हर्नरचे कार्य गोफणीच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.

४. ‘त्या साऱ्या उपकरणांत एक जुना दर्यावर्दी बसलेला आहे.’ या वाक्याचा अर्थ लिहा.

५. १९२८ सालच्या संपाच्या वेळी कामगारांचे आणि मालकांचे म्हणणे काय होते? तुमच्या मते त्यातून कोणता मार्ग काढता आला असता?

६. थ्री माइल आयलंड येथील फलकावरचा दिवा विझला, तरी धोका का टळला नाही?

७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : दक्षता, अखंड, शाबूत, तत्काळ, निश्चिंत.

८. आपल्या घरातील किंवा गावातील आपोआप चालणारे एखादे साधन नीट पाहा. त्याचा डोळा, मन आणि हात कोणते, ते शोधून दहा ओळी लिहा.